शिरूर-दौंड लाईनवरच्या दोघी

फेथ साळवे रोज सकाळी चहा झाला की फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावायच्या. कुणाला फोन करायचा नसायचा. नुसता टोन ऐकायचा आणि खाली ठेवायचा. शिरूरच्या टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं काढलेल्या बाईची ही सवय. नवरा, विल्यम, होता तोवर चेष्टा करायचा, "झाली का पेशंटची नाडी बघून?" विल्यम मिशनच्या शाळेत मास्तर होता. तो जाऊन सहा वर्षं झाली. चेष्टा करणारं कुणी उरलं नाही, नाडी बघणं मात्र चालू राहिलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी टोन आलाच नाही.

रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल उखडली होती. फेथबाईंनी दोन दिवस वाट बघितली आणि तिसऱ्या दिवशी छत्री घेऊन, उन्हातून, ऑफिस गाठलं. काउंटरवरचा माणूस त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग सांगितलं, "मॅडम, तुमच्यापासून काय लपवायचं? तांब्याची लाईन आता कुणी जोडणार नाही. फायबर घ्या. फोन इंटरनेटवरून चालेल, नंबर हाच राहील."

"नंबर हाच राहील, पण फोन हाच राहील का?"

त्याला हसू आलं. बाई गमतीनं बोलताहेत असं वाटलं त्याला.

मुलगी इवा सणसवाडीच्या एका कंपनीत क्वालिटीला होती, रविवारी घरी यायची. तिला या घोळाचं नवल वाटायचं. "आई, मोबाईल आहे की तुझ्याकडे. त्या डबड्यावर आता येतो कुणाचा फोन?"

"म्हाळसाचा येतो," फेथबाई म्हणायच्या, आणि विषय तिथंच संपायचा.

म्हाळसा कोळपे म्हणजे दौंडची ऑपरेटर. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागल्या, एक्क्याऐंशी साली. फेथ शिरूरच्या स्विचबोर्डावर, म्हाळसा दौंडच्या. तेव्हा फोन लावून मिळत नसे, मागून घ्यावा लागे. घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्याच, बाजारातल्या व्यापाऱ्याला दौंडच्या आडत्याशी बोलायचं असलं की तो इथं नंबर सांगणार. मग फेथ दौंडच्या लाईनला कॉर्ड खुपसणार, तिकडे म्हाळसाच्या बोर्डावर दिवा लागणार, आणि कानात आवाज येणार, "बोल शिरूर." गावाचंच नाव माणसाला. वर्षभर एकीला दुसरीचं नाव ठाऊक नव्हतं.

दुपारी दोन ते चार बोर्ड थंड असायचा. आडते जेवून आडवे झालेले, कचेरीतले साहेब पेंगलेले. दोन गावं जोडणाऱ्या ट्रंक लाईनवर घरगुती गप्पा मारायला बंदी होती, म्हणून म्हाळसानं नाव शोधलं, टेस्टिंग. "टेस्टिंग करायचं का गं शिरूर?" की झाल्या सुरू. म्हाळसा खुटबावची. तिचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. बापानं कालव्याचं पाणी आल्यावर मेंढरं विकली आणि जमिनीला चिकटला. त्या घरातली ही पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. फेथ मिशन कंपाउंडात वाढलेली, घरात बायबल, हार्मोनियम आणि इस्त्रीचे कपडे. टेस्टिंग झालं नसतं तर या दोघी जन्मात कधी एकमेकींशी बोलल्या नसत्या. पण बोर्डासमोर बसल्या की हातभर अंतरावर असल्यासारखं वाटायचं. फेथच्या पहिल्या बाळंतपणात मूल दगावलं ते तिनं आईच्या आधी म्हाळसाला सांगितलं होतं.

प्रत्यक्ष भेट एकदाच. सत्याऐंशी साली पुण्याला नव्या मशीनचं ट्रेनिंग होतं, तिथं. फेथबाई ती गोष्ट सांगताना एवढंच सांगायच्या, की समोरासमोर आल्यावर दोघींना काय बोलावं ते सुचेना, जेवणाची सुट्टी अशीच गेली, आणि मग पुढं फोनवर दोघी त्यावरून खूप हसल्या. "आपलं फोनवरच बरं," असं ठरलं म्हणे.

मग आपोआप फोन जोडणारी मशीन आली, बोर्ड गेले. दोघींना खात्यानं कारकुनीच्या टेबलावर बसवलं. तेव्हापासून दर रविवारी आणि गुरुवारी दुपारी तीन वाजता फोन. एकदा हिचा, एकदा तिचा. पस्तीस वर्षांत नेम चुकला तो तीन-चारदाच.

आता केबल तुटल्यावर दोघी मोबाईलवर बोलू लागल्या, पण जमेना. खुटबावात म्हाळसाच्या घरात रेंज कधी यायची, कधी जायची. बोलण्यावर बोलणं पडायचं. तीन आठवडे असे काढल्यावर फेथबाईंनी इवाला सांगितलं, "घे बाई ते फायबर."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माणूस आला. भिंतीला भोक पाडून त्यानं केसाएवढी एक तार आत घेतली, पांढरी डबी ठोकली, डबीवर हिरवे दिवे लागले. जुनाच लाल फोन त्यानं डबीच्या मागं जोडून दिला. "लाईट गेली की फोन बंद पडेल, मावशी. तेवढा छोटा बॅकअप घ्या," म्हणाला. फेथबाईंना ते नीट पटलं नाही. तांब्याच्या तारेतून फोनला जेवणपाणी एक्स्चेंजमधून यायचं. गावात अंधार असला तरी फोन जागा असायचा. आता फोनचं पोट घराच्या विजेवर. तरी त्यांनी सही केली.

गुरुवारी तीन वाजता त्यांनी खुटबावचा नंबर फिरवला. तिकडची तांब्याची लाईन अजून धडधाकट होती. म्हाळसानं पहिल्याच घंटीला उचलला.

"टेस्टिंग," फेथबाई म्हणाल्या.

"बोल शिरूर! झाली का दुरुस्ती?" आणि मग दोन क्षणांनी, "फेत? कुठनं बोलतीस गं?"

"घरातूनच की."

"मंग घर कुठं गेलं?"

फेथबाईंना कळेना. म्हाळसा म्हणाली, "आवाज लई साफ येतुय. पर तू गप झालीस की समदंच गप हुतंय. लाईन कट झाल्यावानी. पयलं कसं, तू नाय बोललीस तरी तारंत बारीक गुणगुण असायची. मला कळायचं, ही हाय. हितं काय कळतच न्हाई."

त्या दिवशी अर्ध्या तासात म्हाळसानं वीस-पंचवीस वेळा विचारलं, "हायस का?" फेथबाई घोटभर पाणी प्यायला थांबल्या तरी, "हायस का?" रविवारी तेच. पुढच्या गुरुवारी तेच. फेथबाईंना वाटलं, वय झालं हिचं. मनात थोडा रागही आला. एवढा खटाटोप केला तो नीट बोलता यावं म्हणून, आणि ही बाई बोलण्यापेक्षा हजेरीच जास्त घेतेय.

इवा म्हणाली, "त्यात काय? व्हिडिओ कॉल करा. बघितल्यावर कळेलच ना तू आहेस ते. त्यांच्या सुनेच्या मोबाईलवर लावू."

म्हाळसाला सांगितलं तर ती नको म्हणाली. आपलं फोनवरच बरं, म्हणाली. पण फेथबाईंनी हट्ट धरला. सून, प्रगती, तिच्याशी इवानं परस्पर बोलून रविवार ठरवला.

त्या रविवारी फेथबाई चर्चमधून आल्या त्या साडी न बदलता तशाच बसल्या. जांभळी साडी होती, नाताळात घेतलेली. केस पुन्हा विंचरले. इवानं टॅब टेबलावर पुस्तकांना टेकवून उभा केला. पडद्यावर आधी पत्रे दिसले, मग पंखा, मग एक कान आणि पांढऱ्या केसांची बट.

"म्हाळसा, अगं कानाला नको लावू! समोर धर!"

इवा हसून लोटपोट. तिकडं प्रगतीचा आवाज आला, "आई, द्या हिकडं, मी धरते." आणि मग म्हाळसा दिसली. सदतीस वर्षांनी. चेहरा सुरकुतलेला, कपाळावरचं गोंदण फिकं झालेलं. ती जरा बाजूला बघत होती, पण पहिल्यांदा मोबाईलसमोर बसणारी सगळीच माणसं तशी बघतात.

"कशी दिसतेय मी?" फेथबाईंनी विचारलं.

"छान दिसतीस की. अजून तश्शीच."

फेथबाई खूश झाल्या. "थांब, तुला विल्यमचा फोटो दाखवते," म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या. फोटो भिंतीवर उंच होता. स्टूल ओढून तो काढेपर्यंत वेळ लागला. परत येताना दारातच त्यांच्या कानावर म्हाळसाचा आवाज पडला.

"व्हय, व्हय. रुबाबदार हुता गं. डोळं लई मायाळू दिसत्यात."

टेबलासमोरची खुर्ची रिकामी होती. फोटो फेथबाईंच्या हातात होता, दारात. इवानं वळून आईकडं बघितलं, आणि तिचं हसू विरलं.

फेथबाई येऊन बसल्या. फोटो मांडीवर पालथा ठेवला. "म्हाळसा," त्या हळू म्हणाल्या, "मी कुठल्या रंगाची साडी नेसलेय?"

मग प्रगतीच म्हणाली, "मावशी, आईंना दिसत न्हाई. शुगरनं डोळं गेल्यात. चार वर्सं झाली. तुम्हाला म्हायती न्हवतं?"

"कुनी सांगितलं हुतं मधी बोलायला?" म्हाळसा ओरडली. पडदा हलला, पत्रे दिसले, आणि कॉल बंद झाला.

त्यानंतरच्या गुरुवारी तीन वाजता फोन आला नाही. फेथबाईंनी केला तर प्रगती म्हणाली, आई झोपल्यात. रविवारी, आई शेजारी गेल्यात. फेथबाई फोनजवळ बसून राहायच्या. त्यांना आधी राग आला होता. चार वर्षं! आठवड्यातून दोनदा बोलून चार वर्षं! मग हळूहळू एकेक गोष्ट आठवू लागली. म्हाळसा अलीकडं विचारायची, बाहेर काय दिसतंय गं तुझ्या खिडकीतनं? चिंच मोहरली का? इवानं केस कसे कापलेत? फेथबाई सगळं सांगायच्या, रंगासकट. म्हाळसाला एवढी हौस कधीपासून, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. आणि ते "हायस का?" तारेतली गुणगुण गेली तशी तिच्या अंधारातली खूणच गेली होती, आणि आपण म्हणालो, वय झालं हिचं.

पण सगळ्यांत जास्त टोचत होतं ते वेगळंच. मला का सांगितलं नाही? याचं उत्तर कुठंतरी आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांना वाटत राहिलं, आणि ते उत्तर त्या पुढं येऊ देईनात.

दुसऱ्या गुरुवारी त्यांनी पिशवीत पाण्याची बाटली आणि चार केळी टाकली आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी एसटी पकडली. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, रचून झाकलेल्या कांद्याच्या आरणी, ढाबे. एवढंसं अंतर. चाळीस-पन्नास किलोमीटर. इतक्या वर्षांत हजारो वेळा त्यांचा आवाज या वाटेनं गेला होता, त्या स्वतः कधी गेल्या नव्हत्या. चौफुल्याहून जीपनं खुटबाव. तिथं विचारत विचारत कोळप्यांचं घर.

ओट्यावर एक बाई शेंगा फोडत बसली होती. बोटं भराभर चालत होती, दाणे एका ताटात, टरफलं दुसऱ्यात, एकही चुकत नव्हता. फेथबाई पायरीपाशी उभ्या राहिल्या. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं गेलं कुठल्या कुठं.

म्हाळसाचे हात थांबले. "कोन हाय त्ये? बोला की. मला दिसत न्हाई."

किती सहज म्हणाली. वाटसरूला, विक्रेत्याला, कुणालाही सांगत असेल.

"मी आहे. फेथ."

म्हाळसानं दाण्यांचं ताट बाजूला सारलं. मग पदरानं हात पुसले, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि आत तोंड करून म्हणाली, "प्रगती, च्या टाक. शिरूरच्या बाई आल्यात."

प्रगतीनं प्लास्टिकची खुर्ची आणून म्हाळसासमोर मांडली. फेथबाई बसल्या. चहा झाला. केळी दिली. उन्हाचं बोलणं झालं, एसटीच्या गर्दीचं झालं. आणि मग पुण्याला झालं होतं तेच झालं. शब्दच संपले. समोर म्हाळसाचे ते स्थिर डोळे, आणि फेथबाईंना आपले डोळे कुठं ठेवावे कळेना.

त्या उठल्या. खुर्ची उचलून त्यांनी म्हाळसाच्या शेजारी लावली, तिच्यासारखंच समोरच्या उसाकडं तोंड करून. बसल्या आणि ढिगातली एक शेंग उचलून फोडली.

"टेस्टिंग करायचं का?" त्यांनी विचारलं.

म्हाळसाच्या तोंडून हसू फुटलं. रडण्यासारखंच होतं ते. मग ती सांगू लागली. आधी धुरकट दिसायला लागलं, मग पुण्याला नेलं, लेझर केलं, इंजेक्शनं झाली. एक डोळा गेला, मग दुसरा. चूल कशी शिकली पुन्हा, पायऱ्या कशा मोजून ठेवल्या. अर्धा तास ती एकटीच बोलत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू माझी कीव केली असतीस. समदं जग आंधळी म्हंतंय मला. तुझ्या कानात तेवढी मी दौंडची म्हाळसा हुते."

"मी कीव केली नसती."

"केली असतीस, फेत."

उसात कुणीतरी पाणी धरत होतं, फावड्याचा आवाज येत होता.

"म्हाळसा, पुण्याला ट्रेनिंगला..." फेथबाई म्हणाल्या आणि अडल्या. मग एका दमात बोलल्या. "तू डोक्यावर पदर घेऊन आलीस, भाकरीचं गाठोडं घेऊन. मोठ्यानं हाक मारलीस मला, सगळ्यांसमोर. माझ्याबरोबर पुण्याच्या बायका होत्या. त्यांनी विचारलं, ही कोण? मी म्हणाले, दौंडचा स्टाफ आहे. मैत्रीण म्हणाले नाही. आणि जेवायला तुझ्याजवळ बसले ती गाठोडं उघडायच्या आधीच उठले. सुचत नव्हतं वगैरे सगळं खोटं. मला तुझी लाज वाटली होती."

शेंग फुटल्याचा आवाज झाला. एक, मग दुसरी.

"मला तवाच दिसलं हुतं," म्हाळसा म्हणाली. "तवा डोळं चांगलं हुतं माझं."

फेथबाईंनी तोंडावर पदर धरला.

"आठ दिस तुझा आवाज निराळा येत हुता. साहेबाशी बोलावं तशी बोलायचीस. मंग हळूहळू ठिकाणावर आला. म्हनून म्हनलं हुतं, आपलं फोनवरच बरं. आन् म्हनूनच डोळ्याचं न्हाई सांगितलं. एकदा बघितलंस तर आवाज बदलला तुझा. परत बदलला असता तर मी काय केलं असतं?"

"मग तेव्हाच का सोडलं नाहीस मला?"

म्हाळसानं विचार केला. "दुसऱ्या दिवशी बोर्डावर शिरूरचा दिवा लागला. दिवा लागल्यावर उचलायचा न्हाई का? नोकरी हुती." आणि थोड्या वेळानं, हलक्या आवाजात, "राग आला हुता. लई दिस हुता. आता आठवाया गेलं तर घावत न्हाई."

माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि फेथबाईंनी माफी मागितलीही नाही. संध्याकाळची एसटी चुकली. त्या रात्री मुक्कामाला राहिल्या. जेवताना म्हाळसानं भाकरीचा पहिला तुकडा मोडून त्यांच्या ताटात ठेवला, ताट चाचपून.

त्याला आता वर्ष होत आलं. फेथबाई महिन्यातून एकदा खुटबावला जातात, खुर्ची शेजारीच लावतात. फोनवर गप्प बसायची वेळ आली तर त्या "हं" करत राहतात, किंवा काहीतरी खुडबुड करतात, चमचा वाजवतात. पावसाळ्यानंतर खुटबावची तांब्याची लाईनही गेली. फायबर बसवायला आलेल्या माणसाला म्हाळसानं तासभर उभा धरला, किती जोडण्या, लाईट गेल्यावर काय, तक्रार कुठं करायची, आणि त्यानं शेवटी विचारलं, "आजी, तुम्ही इंजिनिअर होता काय?" ते सांगताना तिला कोण आनंद झाला होता.

मैत्री मात्र पूर्वीसारखी गोड राहिलेली नाही. दोघी आता भांडतात. पूर्वी कधी भांडल्या नव्हत्या. गेल्या गुरुवारी प्रगतीनं चहाडी केली की आईंनी जत्रेत दोन जिलब्या खाल्ल्या. फेथबाई कडाडल्या, "पाय घालवायचेत का आता?" म्हाळसा म्हणाली, "तू काय माझी डॉक्टर हायस?" आणि फोन आपटला.

फेथबाईंनी चष्मा काढून पुसला, उठून दूध तापत ठेवलं. दूध वर येईपर्यंत फोन वाजला.

"आन् दोन न्हाई," पलीकडून आवाज आला, "तीन खाल्ल्या."